समुद्रसिंहाच्या पिलाची पहिली दोन वर्षे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विज्ञान मंडळातर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला या व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय कोणता घेणार असे विचारले. मी म्हणालो, समुद्रसिंह. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, तो आपल्याकडे असतो का?" नसतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर तर नाहीच, पण हिंदुस्थानच्या कोणत्याच किनाऱ्यावर त्याची वसाहत नाही. मग हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

माझा एक भाचा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला नोकरी करतो. सुट्टीत तो मुलाबाळांसह कांगारू बेटावर गेला. त्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर 'सील बे' नावाची वाळूची चौपाटी आहे आणि तेथे समुद्रसिंहांची मोठी वसाहत आहे. त्याने मला फोनवर छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, "मामू, एवढे पैसे भरून गेलो, तासभर उभे राहिलो, आणि सगळे झोपलेले! असले आळशी जनावर मी पाहिले नाही." मी त्याला उत्तर लिहायला बसलो ते लांबतच गेले. आजचे व्याख्यान म्हणजे तेच उत्तर, थोडे नीट मांडलेले.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. आमच्या घरात वडील माणसे म्हणत, 'मछली के बच्चे को तैरना कौन सिखाए?' मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो. पाण्यातल्या प्राण्याच्या पिलाला पाण्यातले सगळे उपजत येते, असे फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याकडे वळत असे. माशाच्या बाबतीत ते चालून जाईल. समुद्रसिंह मात्र मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे, आणि त्याचे पिलू जमिनीवर जन्मते. त्याला पोहणे लवकर येते हे खरे. पण पोहणे वेगळे आणि बुडी मारून पोट भरणे वेगळे. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कापायला त्याला दोन वर्षेसुद्धा पुरत नाहीत. ते का पुरत नाहीत, हेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम प्राण्याची ओळख करून देतो. सील आणि समुद्रसिंह यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे लहानसे कान असतात. त्याचे मागचे वल्ह्यासारखे पाय पुढे वळतात, त्यामुळे तो जमिनीवर चारी पायांवर चालू शकतो. खऱ्या सीलला हे जमत नाही, तो पोटावर सरपटतो. पाण्यात समुद्रसिंह पुढच्या पायांनी वल्हवतो. आज जगात समुद्रसिंहांच्या सहा जाती आहेत. त्यांतील एक जात फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांवर आढळते, इतरत्र कोठेही नाही. मी बोलणार आहे ते तिच्याविषयी, कारण तिच्या पिलांचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे.

या जातीची मादी साधारण ६० ते १०० किलो वजनाची, पाठीवर राखी आणि पोटाकडे दुधाळ रंगाची असते. नर तिच्या दुपटीहून मोठा, आणि त्याच्या मानेवर फिकट रंगाची आयाळ असते. पिलू जन्मते तेव्हा गडद तपकिरी आणि सहा ते आठ किलोचे असते. या जातीची एक विचित्र गोष्ट अशी की तिचा विणीचा फेरा वर्षाचा नाही. बाकीचे समुद्रसिंह दरवर्षी ठरलेल्या ऋतूत वितात. ही मादी १७ ते १८ महिन्यांनी विते. त्यामुळे एका खेपेला पिले उन्हाळ्यात जन्मली तर पुढच्या खेपेला हिवाळ्यात. शिवाय वसाहतीवसाहतीचे वेळापत्रकही निरनिराळे. शेजारच्या दोन बेटांवर एकाच वेळी वीण चालू असेल असे नाही.

व्याल्यानंतर आई सुमारे दहा दिवस पिलाजवळ राहते. मग तिला समुद्रावर जावेच लागते, कारण तिच्या पोटात काही गेले नाही तर दूध येणार कोठून? तेव्हापासून तिचा क्रम सुरू होतो. साधारण दोन दिवस समुद्रात शिकार, दीड दिवस किनाऱ्यावर पिलाला पाजणे, पुन्हा दोन दिवस समुद्रात. हा क्रम दीड वर्ष चालतो. परत आली की ती वाळूवर उभी राहून ओरडते, पिलू उत्तर देते, आवाजावरून दोघे एकमेकांकडे येतात आणि शेवटी आई वास घेऊन खात्री करून घेते. परके पिलू असेल तर त्याला हुसकावते, प्रसंगी चावतेही. पिलाची चूक झाली तर ती अशी महागात पडते. मोठ्या नरांच्या तावडीत सापडून मरणारी पिलेही असतात.

दुधाबद्दल एक सांगावेसे वाटते. ते गाईम्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध असते आणि पिलाचा सारा भरवसा त्याच्यावर असतो. परंतु त्याच दुधावाटे आईच्या शरीरातील आकडेकृमी पिलाच्या आतड्यात जातात. या वसाहतींत तपासलेल्या पिलांपैकी जवळजवळ प्रत्येकाला ही बाधा झालेली आढळली आहे. कृमी रक्त शोषतात, पिलू पांढरे पडते, कित्येक दगावतात. सिडनी विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी पिलांना कृमिनाशक औषध देऊन पाहण्याचे प्रयोग केले आहेत. रक्त कमी होणे या प्राण्याला किती नडते, ते पुढे लक्षात येईल. बुडी मारण्याची ताकद रक्तातच साठवलेली असते.

आई समुद्रात गेलेली असताना पिलू काय करते? सुरुवातीला खडकांच्या कपारीत झोपते. थोडे मोठे झाले की इतर पिलांबरोबर खडकांमधल्या पाण्याच्या डबक्यांत उतरते. तेथे पाठलाग, कुस्ती, शेवाळाचा तुकडा तोंडात धरून ओढाओढ असे खेळ चालतात. पाहणाऱ्याला वाटते, हे तर पोहायला शिकलेच. शिकलेले असतेच. पण त्याचे जेवण त्या डबक्यात नाही.

त्याचे जेवण समुद्राच्या तळाशी आहे. या जातीची शिकार पृष्ठभागाजवळ फिरणाऱ्या थव्यांची नसते. ती तळाशी खडकांत, वाळूत, वनस्पतींच्या दाटीत लपलेल्या जीवांची असते. ऑक्टोपस, माकूळ, शेवंड, लहान मुशी, पाकट आणि तळचे मासे. ही मासळी आमच्या कोकणच्या श्रोत्यांना परिचयाची आहे. समुद्रात वरच्या थरात शिकार करणाऱ्या इतर जातींच्या पिलांना एक सवलत मिळते. पुष्कळ मासे आणि माकूळ रात्री वर येतात, त्यामुळे लहान पिलालाही थोड्या खोलीवर काही ना काही सापडते. तळ मात्र कोणासाठी वर येत नाही. ४० मीटर खोल तळ असेल तर ४० मीटर खाली जावेच लागेल, शिकारी दोन वर्षांचा असो की दहा वर्षांचा.

आता विद्यार्थ्यांनी जरा लक्ष द्यावे, कारण पुढचा भाग शरीरशास्त्राचा आहे. पाण्याखाली श्वास घेता येत नाही, म्हणून प्राणवायूची शिदोरी वरूनच बरोबर न्यावी लागते. ही शिदोरी तीन ठिकाणी असते. फुप्फुसांत, रक्तात आणि स्नायूंत. रक्तातला प्राणवायू हिमोग्लोबिनला बांधलेला असतो हे आपण शाळेत शिकतो. स्नायूंतही तसेच एक द्रव्य असते, त्याला मायोग्लोबिन म्हणतात. ते लालसर असते. घरी कोंबडी आणली की तुम्ही पाहिले असेल, छातीचे मांस फिकट असते आणि तंगडीचे गडद. कोंबडी दिवसभर चालते, उडते क्वचित. ज्या स्नायूला सतत काम असते त्यात मायोग्लोबिन अधिक असते आणि त्याचा रंग गडद होतो. बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंत ते इतके असते की मांस काळसर दिसते.

जन्मलेल्या पिलाच्या अंगी यातले थोडेच असते. रक्ताची शिदोरी तुलनेने लवकर वाढते, स्नायूंची मागाहून आणि सावकाश. मायोग्लोबिन नुसत्या दुधाने भरत नाही. त्याला वय लागते आणि मेहनतही लागते. पहिलवानाचा मुलगा पहिलवानाच्या घरी जन्मला म्हणून त्याचे दंड भरलेले नसतात, त्याला तालमीत जावेच लागते. तसेच हे.

याच्या जोडीला आकाराची अडचण आहे. प्राणवायूची शिदोरी वजनाच्या प्रमाणात वाढते, पण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, तो कमी वेगाने वाढतो. वीस किलोच्या प्राण्याच्या मानाने शंभर किलोच्या प्राण्याची शिदोरी पाचपट, पण त्याचा खर्च स्थूलमानाने साडेतीन पटच. म्हणून मोठे शरीर पाण्याखाली जास्त वेळ टिकते. पिलू दोन्हीकडून अडचणीत आहे. त्याचे भांडे लहान आहे, भरलेलेही अर्धेमुर्धेच आहे, आणि चूल मात्र जोरात पेटलेली आहे.

हे सारे मोजले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. १९६० नंतरच्या वर्षांत जेराल्ड कूयमन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ अंटार्क्टिकात वेडेल सीलांचा अभ्यास करीत होते. सील किती खोल जातो आणि किती वेळ राहतो हे त्यांना नोंदवायचे होते. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरात वेळ लावायला वापरतात ते साठ मिनिटांचे चावीचे घड्याळ घेतले आणि त्याला काजळी धरलेली काच जोडली. घड्याळाबरोबर काच फिरे आणि पाण्याच्या दाबाने हलणारी सुई त्या काजळीवर रेघ काढी. आज त्याच कामाला बोटभर लांबीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र येते. ते प्राण्याच्या पाठीवरील केसांना चिकटवतात आणि काही दिवसांनी काढून घेऊन त्यातील नोंदी वाचतात. आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी कूयमन यांचे घड्याळ विसरू नये. उपकरण नाही म्हणून प्रयोग होत नाही, ही तक्रार मी फार ऐकली आहे.

सील बे येथे असाच अभ्यास शॅनन फाउलर, डॅनियल कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पिलांच्या वयाचे तीन टप्पे घेतले, ६ महिने, १५ महिने आणि २३ महिने. प्रत्येक टप्प्याला दहा मायलेकरांच्या जोड्या घेऊन आई आणि पिलू दोघांच्याही पाठीवर यंत्रे बसवली. साठांपैकी नऊ यंत्रे बिघडली, एक्कावन्न प्राण्यांच्या नोंदी मिळाल्या. (समुद्राच्या कामात एवढे नुकसान म्हणजे काहीच नव्हे.)

नोंदींत काय दिसले? सहा महिन्यांचे पिलू जवळजवळ बुड्या मारतच नाही. पुढे खोली आणि वेळ वयाबरोबर वाढत जातात, पण फार हळू. तेवीस महिन्यांच्या पिलांच्या बुड्यांची सरासरी खोली ४४ मीटर भरली. मोठ्या माद्यांच्या सरासरीच्या ती ६२ टक्के. म्हणजे आई सरासरीने ७१ मीटरांच्या आसपास, दिल्लीचा कुतुबमिनार उलटा करून पाण्यात सोडला तर जेथे टेकेल तेथपर्यंत, जात होती. आणि दोन वर्षांचे होत आलेले पिलू विजापूरच्या गोल घुमटाच्या उंचीइतकेही खोल पोहोचत नव्हते.

आता यापुढचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक बुडीत तळाशी किती वेळ काढला? आयांनी सरासरी २.१ मिनिटे. पिलांनी २.० मिनिटे. जवळजवळ सारखाच! ज्याची एकूण बुडी आईपेक्षा लहान, शिदोरी आईपेक्षा कमी, ते पिलू तळावर मात्र आईइतकाच वेळ शोधाशोध करते. हे जमते कसे? उथळ जागा निवडून. खाली जाण्यायेण्यात वेळ कमी गेला की उरलेला सगळा वेळ तळाला देता येतो. शिवाय समुद्रात असताना आपल्या वेळेपैकी आईपेक्षा मोठा हिस्सा ते बुड्यांतच घालवते. विश्रांती कमी आणि बुड्या अधिक.

मी हे प्रथम वाचले तेव्हा कौतुकाने म्हणालो, वा, काय जिद्द आहे! मग पुन्हा वाचले आणि माझे कौतुक ओसरले. याचा अर्थ असा की हे पिलू आपल्या ताकदीच्या शेवटच्या टोकाला काम करीत आहे. त्याच्या हाती शिल्लक काही नाही. समजा एखाद्या वर्षी उथळ पट्ट्यातली शिकार कमी झाली. आई काय करेल? आणखी खोल जाईल, आणखी लांब जाईल. तीही या जातीत फार ताणून काम करणारी असते, श्वासाच्या सोईस्कर मर्यादेबाहेर पुष्कळदा जाते. तरी तिला थोडी तरी जागा असते. पिलाला खोल जाता येत नाही आणि अधिक बुड्याही मारता येत नाहीत, कारण ते आधीच तेवढ्या मारते आहे. त्या संशोधकांनीही हाच इशारा दिला होता. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी तेथली मोठी मासळी नेली आणि लपण्याच्या जागा मोडल्या, तर त्याचा फटका पिलांच्या जगण्याला बसू शकतो, असे त्यांनी लिहिले.

आणि दूध कधी तुटते? बहुधा पुढचे भावंड जन्मण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या महिन्यात. काही आया नवे पिलू झाले नाही तर पुढेही पाजत राहतात, तीन वर्षांपर्यंत पाजल्याचीही उदाहरणे आहेत. पण ज्याचे दूध वेळेवर तुटले त्याचा हिशेब तुम्हीच करा. तेवीस महिन्यांनाही ६२ टक्के, तर अठराव्या महिन्याला किती? पोट भरण्याची जबाबदारी पुरती अंगावर येते त्या दिवशी त्याचे शरीर पुरते तयार झालेले नसते. हा मुद्दा मी दोनदा सांगतो आहे तो मुद्दाम.

कोणी विचारील, सगळ्या समुद्री प्राण्यांत असेच असते काय? मुळीच नाही. उत्तर अटलांटिकमधल्या हूडेड सीलचे पिलू फक्त चार दिवस दूध पिते. चार दिवस! तेवढ्यात त्याचे वजन जवळपास दुप्पट होते आणि आई त्याला बर्फावर सोडून निघून जाते. हत्ती-सीलचे पिलू सुमारे चार आठवडे पिते आणि मग आईवाचून दोन-अडीच महिने किनाऱ्यावर उपाशी राहते. अंगावरची चरबी जाळत ते दिवस काढते, आणि त्या उपवासाच्या काळात त्याच्या रक्ताची आणि स्नायूंची प्राणवायूची शिदोरी वाढत असते. मग एके दिवशी ते एकटेच खोल समुद्रात निघते. त्यांना आई एकदाच सारी शिदोरी बांधून देते. समुद्रसिंहाची आई रोजचा डबा पोचवते, आणि तोही दीड वर्ष. डबा पोचवण्यासाठी तिला घरापासून फार लांब जाता येत नाही. दोन्ही रीती लाखो वर्षे चालत आल्या आहेत, तेव्हा एक बरी आणि दुसरी वाईट असे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मला विचाराल तर समुद्रसिंहाच्या आईचे कष्ट अधिक.

मग आई पिलाला शिकार शिकवते का? या प्रश्नाचे उत्तर बराच काळ अंदाजावर होते, कारण पाण्याखाली पाहणार कोण? एवढे दिसत होते की प्रत्येक मादीच्या शिकारीच्या जागा ठरलेल्या असतात. कोणी किनाऱ्याजवळ शिकार करते, कोणी लांब, आणि वर्षानुवर्षे ती आपली सवय सोडत नाही. त्यांच्या मिशांच्या केसांचे रासायनिक परीक्षण करून हे ताडून पाहिले गेले, कारण केस वाढत असताना त्यात खाल्लेल्या अन्नाची खूण उतरत जाते. आईची ही सवय पिलाकडे जाते की पिलू आपली वाट आपण शोधते, हे मात्र तेवढ्याने ठरत नव्हते.

अलीकडच्या वर्षांत दक्षिण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी माद्यांच्या पाठीवर लहान कॅमेरे बसवले. मूळ हेतू समुद्राचा तळ कसा आहे हे पाहण्याचा होता. ऑलिव्ह बेट आणि सील बे येथील आठ माद्यांनी मिळून ८९ तासांचे चित्रण करून आणले आणि त्यावरून पाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक तळाचा नकाशा तयार झाला. हे काम २०२४ साली प्रसिद्ध झाले. जेथे जहाजातून यंत्र सोडायला वारेमाप खर्च येतो तेथे ही जनावरे फुकट जाऊन आली! त्याच कॅमेऱ्यांच्या कामात ऑलिव्ह बेटाच्या एका मादीबरोबर तिचे पिलूही समुद्रात गेलेले दिसले. आई तळाकडे निघाली की पिलू तिच्या मागोमाग जाते, ती वनस्पतींच्या दाटीत शिरते तेथे तेही शिरते, आणि आई मोठी माकूळ पकडते ते जवळून पाहते. एका मायलेकरांवरून सगळ्यांबद्दल बोलू नये. परंतु माझ्या वर्गातल्या फळ्यावरील 'उपजत' हा शब्द पुसून टाकायला मला तेवढे पुरे झाले.

पाहून शिकणारे, कुतूहल असणारे पिलू जितके हुशार, तितके ते संकटातही सापडते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शेवंडांचा मोठा धंदा आहे. तेथील मच्छीमार आमिष घातलेले पिंजरे उथळ पाण्यात सोडतात. वरून तोंड उघडे, शेवंड आत उतरते आणि अडकते. समुद्रसिंहाच्या पिलाला झेपणारी खोली नेमकी हीच, वीस मीटरांच्या आतली. शेवंड त्याच्याही आवडीची. ते पिंजऱ्याच्या तोंडात डोके घालते, आत शिरते, आणि बाहेर येता येत नाही. श्वास संपतो आणि ते बुडून मरते. मोठी मादी यातून वाचते, कारण तिचे शरीर त्या तोंडात मावत नाही. आणि या जातीच्या वसाहती लहान लहान आहेत. माद्या जन्मल्या तेथेच व्यायला येतात, सहसा दुसऱ्या वसाहतीत जात नाहीत. तेव्हा वर्षाला दोन-चार पिले गेली तरी त्या वसाहतीची भरपाई बाहेरून होत नाही.

यावर उपाय निघाला तो अगदी साधा. पिंजऱ्याच्या तळातून एक लोखंडी सळई सरळ वर उभी केली, तिचे टोक तोंडाच्या मध्यभागी येईल अशी. शेवंड बाजूने उतरते, पिलाचे डोके मात्र आत जात नाही. २००६-०७ च्या हंगामापासून पश्चिम ऑस्ट्रेलियात वसाहतींच्या आसपासच्या उथळ पाण्यात ही सळई सक्तीची झाली. आमच्या गावच्या एका तांडेलाला मी हे सांगितले, तर त्याने पहिला प्रश्न केला, "शेवंड कमी लागली का?" त्याचा प्रश्न योग्य होता, कारण त्याचेही पोट समुद्रावरच आहे. तेथील मच्छीमारांचीही शंका हीच असणार. म्हणून सळईची चाचणी दोन्ही अंगांनी घेतली गेली, पिलू अडते का आणि शेवंड कमी होते का. मग नियम झाला.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मुशीसाठी तळाशी लावलेल्या जाळ्यांत याहून अधिक प्राणी मरत होते, त्यांत मोठ्या माद्याही होत्या. आई जाळ्यात मेली की किनाऱ्यावर वाट पाहणारे पिलूही जाते, आणि ते कोणत्याच मोजणीत येत नाही. २०१० नंतर वसाहतींभोवतालचे समुद्राचे पट्टे अशा जाळ्यांना बंद केले, होड्यांवर कॅमेरे बसवले, आणि हे मृत्यू पुष्कळच कमी झाले. तरीही संख्या सावरलेली नाही. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत जन्मणाऱ्या पिलांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. सगळी मिळून आज ही जात दहा-बारा हजारांच्या घरात आहे. २०२० साली ऑस्ट्रेलिया सरकारने तिची नोंद 'असुरक्षित' या वर्गातून काढून 'संकटग्रस्त' या अधिक गंभीर वर्गात केली. त्यात २०२५ च्या मार्चपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर विषारी सूक्ष्म शैवाल माजले आणि मासे, मुशी, पाकट मरून वाळूवर येऊन पडले. कांगारू बेटाचा किनाराही त्यातून सुटला नाही. तळाची शिकार ऋतुमानाने फारशी बदलत नाही म्हणून ती भरवशाची, असे जे मानले जाई, त्यालाही असा अपवाद निघाला.

मी भाच्याला इतके सारे लिहिले नव्हते. एवढेच लिहिले की, बाबा, तू ज्यांना आळशी म्हणतोस त्या माद्या दोन दिवस आणि दोन रात्री बुड्या मारून आल्या होत्या आणि दीड दिवसाने पुन्हा जायच्या होत्या. त्याने मग पुन्हा छायाचित्रे पाहिली आणि एक मोठे करून मला पाठवले. लाकडी पायवाटेच्या खाली सावलीला एक पिलू पडले होते. तपकिरी रंग जाऊन राखी झालेले, म्हणजे अगदी तान्हे नव्हे. आजूबाजूला आई दिसत नव्हती. भाच्याने विचारले होते, "मामू, हे किती महिन्यांचे असेल, आणि याचे दूध तुटले असेल का?" छायाचित्रावरून हे सांगता येत नाही, असे मी त्याला कळवले. पुढच्या सुट्टीत तो पुन्हा तेथे जाणार आहे. या खेपेला दिवसभर थांबेन म्हणतो.